हिरव्या दिव्यावर विश्वास किती ठेवावा: मुलांच्या बॅटरी-बाईकचे चार्जिंग बिघडते तेव्हा

लहान मुलांच्या बॅटरीवर चालणाऱ्या बाईकचे चार्जिंग होईनासे झाले की पहिला संशय चार्जरवर जातो, आणि बहुतेक घरांत तो संशय न तपासताच नवा चार्जर मागवला जातो. नवा चार्जर येतो, रात्रभर लावून ठेवला जातो आणि सकाळी बाईक पुन्हा दोन-चार फूट सरकून थांबते. आमच्या कुटुंबात आणि ओळखीच्यांमध्ये अशा बाईक दुरुस्त करून देण्याचे काम हौसेने माझ्याकडे आले आहे. त्या अनुभवावरून सांगतो, की ‘चार्जर गेला’ असे म्हणून माझ्याकडे आलेल्या बाईकपैकी बऱ्याच बाईकचे चार्जर ठणठणीत होते. दोष दुसरीकडेच होता आणि चार्जरवरचा दिवा तो सांगतही होता, फक्त त्या दिव्याचा अर्थ वेगळा लावला जात होता.

ज्या चार्जरवर लाल आणि हिरवा असे दोन रंग दिसतात, त्याच्या आतले सर्किट बॅटरीकडे किती करंट जातो आहे यावर लक्ष ठेवून असते. करंट ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त असेल तर दिवा लाल राहतो आणि त्याखाली उतरला की हिरवा होतो. म्हणजे हिरवा दिवा ‘बॅटरी भरली’ असे सांगत नाही; ‘माझ्यातून आता फारसा करंट जात नाही’ एवढेच तो सांगतो. करंट न जाण्याची कारणे तीन असू शकतात. बॅटरी खरोखरच भरली असेल, वाटेत कुठेतरी वायर किंवा जोड तुटला असेल, किंवा बॅटरी आतून इतकी खराब झाली असेल की ती करंट घेतच नसेल. तिन्ही वेळा दिवा हिरवाच दिसतो. म्हणून सर्वांत आधी चार्जर बाईकला न जोडता नुसता भिंतीवरच्या सॉकेटमध्ये लावून पाहावा. दिवा हिरवा लागला तर चार्जरला वीज मिळते आहे. मग त्याची पिन बाईकच्या जॅकमध्ये, म्हणजे चार्जिंगच्या छिद्रात, घालावी. बाईक चालवून बॅटरी उतरलेली असेल तर दिवा लगेच लाल झाला पाहिजे. तो हिरवाच राहिला तर पुढे कितीही तास वाट पाहिली तरी उपयोग नाही, कारण चार्जिंग सुरूच झालेले नाही.

दिव्याच्या बाकीच्या तऱ्हाही बोलक्या असतात. लाल होऊन काही मिनिटांतच हिरवा झाला आणि बाईक थोडीशीच चालली, तर बॅटरीची साठवण्याची क्षमता संपत आली आहे. दिवसभर लालच राहिला, हिरवा होण्याचे नावच घेत नसेल, तर बॅटरीतला एखादा सेल (वीज साठवणारा एक कप्पा) आतून शॉर्ट झाला असण्याची, म्हणजे त्याची दोन टोके आतच जोडली गेली असण्याची, शक्यता मोठी. दिवा ठराविक लयीत लुकलुकत असेल तर पिनच्या किंवा वायरच्या टोकाशी शॉर्ट आहे किंवा चार्जरच्या आतला भाग निकामी होत आहे. पिन काढल्यावर लुकलुकणे थांबले तर दोष बाईकच्या बाजूला, थांबले नाही तर चार्जरमध्ये. दिवा अजिबातच लागत नसेल तर आधी त्याच सॉकेटला दुसरे एखादे उपकरण लावून पाहावे. आणि काही साध्या चार्जरना रंग बदलणारा दिवाच नसतो; जड ठोकळ्यासारखे ते ट्रान्सफॉर्मरचे चार्जर बॅटरी भरली तरी करंट ढकलत राहतात, त्यामुळे त्यांच्या बाबतीत घड्याळावरच भरवसा ठेवावा लागतो.

मला सर्वाधिक वेळा सापडलेला दोष बाईकवरच्या चार्जिंगच्या जॅकमध्ये असतो. तो बहुधा सीटखाली किंवा पाय ठेवण्याच्या जागेजवळ बसवलेला असतो, त्यावरचे रबरी झाकण लवकर तुटते आणि मग अंगणातली माती, वाळू, पाणी थेट आत जाते. माझ्या भाच्याच्या बाईकचा जॅक मी टॉर्च लावून पाहिला तेव्हा मधल्या बारीक पिनवर काळपट थर चढला होता, बाजूच्या पितळी पातीवर हिरवट पूड जमली होती आणि वाळूचा एक कण पातीच्या मागे असा रुतला होता की पाती पिनकडे परत येऊच शकत नव्हती. चार्जरची पिन किंचित तिरकी दाबली की दिवा लाल व्हायचा, हात काढला की हिरवा. पिन हलवल्यावर दिवा बदलणे ही या दोषाची खूण आहे आणि ती ओळखायला कोणतेही उपकरण लागत नाही.

या जॅकची रचना समजून घेण्याजोगी आहे. बऱ्याच बाईकमध्ये त्याला दोन नव्हे, तीन टोके असतात. मधली पिन धन बाजूची, बाहेरची पाती ऋण बाजूची, आणि तिसरे टोक असे असते की चार्जरची पिन आत गेली की ते आपोआप सुटते. त्या तिसऱ्या टोकातून मोटारकडे जाणारे सर्किट नेलेले असते. चार्जिंग चालू असताना मुलाने ॲक्सिलरेटर दाबला तरी बाईक हलू नये, यासाठी केलेली ही सोय आहे आणि ती फार मोलाची आहे. मात्र तिसऱ्या टोकाची पाती वाकली किंवा गंजली तर वेगळाच प्रकार होतो: बॅटरी पूर्ण भरलेली असते, चार्जर निर्दोष असतो, तरी पिन काढल्यावर मोटारला वीज पोचत नाही. ‘रात्रभर चार्ज करूनही बाईक चालत नाही’ ही तक्रार ऐकली की मी बॅटरी बदलण्याचा विचार करण्याआधी ही पाती पाहतो. जॅक साफ करायचा असेल तर आधी बॅटरीची वायर सोडवावी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओला केलेला कापूस बारीक काडीला गुंडाळून आतून फिरवावा आणि पूर्ण कोरडे होऊ द्यावे. पाती वाकलेली किंवा जळलेली असेल तर ती चिमट्याने सरळ करण्यात अर्थ नाही, कारण तिचा ताण गेलेला असतो. त्याच मापाचा नवा जॅक आणून, प्रत्येक वायर मूळ टोकावरच डाग देऊन बसवावा आणि जोडावर उष्णतेने आकसणारी नळी चढवावी.

यापुढच्या तपासासाठी मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज मोजायचे उपकरण, हवा. साधासुधा चालतो, तो २० व्होल्ट डीसीच्या पट्ट्यावर ठेवायचा. चार्जर सॉकेटमध्ये लावून त्याच्या पिनच्या आत लाल टोक आणि बाहेरच्या धातूला काळे टोक टेकवावे, मात्र दोन्ही टोके एकमेकांना लागू देऊ नयेत. १२ व्होल्टच्या बाईकच्या इलेक्ट्रॉनिक चार्जरवर साधारण १३.५ ते १५ व्होल्ट दिसतात. ट्रान्सफॉर्मरच्या जुन्या पद्धतीच्या चार्जरवर भार नसताना, म्हणजे पिनला काहीही जोडलेले नसताना, त्याहून बरेच जास्त, अगदी १७-१८ व्होल्टही दिसू शकतात आणि तो दोष नसतो. ६ व्होल्टच्या बाईकसाठी हे आकडे साधारण निम्मे धरावेत. १२ व्होल्टच्या चार्जरवर ७-८ व्होल्टच दिसत असतील तर तो चार्जर कामातून गेला. शून्य दिसले तर मात्र घाई करू नये. काही इलेक्ट्रॉनिक चार्जर पुढे बॅटरी आहे याची खात्री झाल्याशिवाय वीज सोडतच नाहीत, त्यामुळे मोकळ्या पिनवरचे शून्य हा पुरेसा पुरावा नव्हे. शून्य दिसत असताना चार्जरची वायर, विशेषतः ती डबीतून बाहेर येते आणि पिनमध्ये शिरते त्या दोन जागी, हळूहळू वाकवून पाहावी. आकडा मध्येच उमटला आणि गेला तर आतली तार तुटलेली आहे. चार्जरभोवती वायर घट्ट गुंडाळून ठेवण्याच्या सवयीने नेमक्या याच जागा तुटतात.

मोकळ्या पिनवर योग्य व्होल्टेज दिसले म्हणजे चार्जर चांगला, असेही समजू नये. आतले कपॅसिटर (विद्युतभार साठवणारे भाग) सुकत चालले की भार नसताना आकडा बरोबर दिसतो आणि बॅटरी जोडताच कोसळतो. हे पडताळण्यासाठी मी मोटारगाडीतला १२ व्होल्ट ५ वॉटचा छोटा बल्ब वापरतो. तो सुमारे ०.४ ॲम्पिअर करंट घेतो, म्हणजे १ ॲम्पिअरच्या चार्जरला सहज झेपेल एवढाच. बल्ब जोडून व्होल्टेज मोजावे. तो उजळ पेटला आणि आकडा १२च्या वर टिकला तर चार्जरवरचा आळ सोडून द्यावा. तो मिणमिणला आणि आकडा ५-६वर आला तर चार्जर बदलावा. बॅटरी ओळखूनच सुरू होणाऱ्या चार्जरवर ही युक्ती चालत नाही, आणि बल्ब लवकर तापतो म्हणून तो हातात धरू नये.

आता बॅटरीकडे. या बाईकमध्ये बहुतांश वेळा सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी असते, ६ व्होल्टची ४ किंवा ४.५ ॲम्पिअर-अवर (हे साठवण्याच्या क्षमतेचे माप), नाहीतर १२ व्होल्टची ४.५ किंवा ७ ॲम्पिअर-अवर. काही बाईकमध्ये ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून १२ व्होल्ट केलेले असतात. फ्रान्सच्या गास्तों प्लान्ते यांनी १८५९ मध्ये लेड-ॲसिड बॅटरी तयार केली तेव्हापासून तिचे मूळ रसायन बदललेले नाही आणि तिचा स्वभावही बदललेला नाही: उतरलेल्या अवस्थेत पडून राहणे तिला सोसत नाही. बॅटरी उतरते तेव्हा प्लेटांवर लेड सल्फेट तयार होते. लगेच चार्ज केली तर ते परत विरघळते. महिनोन्महिने तशीच ठेवली तर त्याचे कठीण स्फटिक होतात, ते प्लेटांना झाकून टाकतात आणि मग चार्जरने कितीही जोर लावला तरी करंट आत शिरत नाही. सुट्टी संपली, शाळा सुरू झाली, बाईक माळ्यावर किंवा जिन्याखाली गेली आणि पुढच्या सुट्टीत ती चार्ज होईना, या गोष्टीचे कारण जवळजवळ नेहमी हेच असते.

बॅटरीची परीक्षा घेण्याची माझ्या दृष्टीने सर्वांत उपयोगी पद्धत अशी. मल्टिमीटर थेट बॅटरीच्या दोन टोकांवर ठेवावा आणि चार्जर जोडण्याआधीचा आकडा लिहून घ्यावा. चार्ज करून काही तास विसावलेल्या चांगल्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर १२.७ च्या आसपास किंवा थोडे अधिक दिसते, अर्धी उतरलेली बॅटरी १२.१-१२.२ दाखवते आणि ११.८ च्या खाली ती रिकामी धरावी. मग मल्टिमीटरची टोके तशीच ठेवून दुसऱ्या कोणाला चार्जर जोडायला सांगावे आणि आकड्याकडे पाहत राहावे. आकडा थोडासा लगेच वर सरकला आणि नंतर सावकाश १३, मग १४ कडे चढत गेला तर सगळे सुरळीत आहे. आकडा जागचा हललाच नाही तर करंट बॅटरीपर्यंत पोचतच नाही. दोष जॅक, वायर, फ्यूज किंवा चार्जरमध्ये आहे. चार्जर जोडताक्षणी आकडा १२ वरून थेट १४.५ च्या पुढे उडी मारत असेल आणि दिवा हिरवा होत असेल, तर प्लेटांवर सल्फेट घट्ट बसले आहे. आणि कित्येक तासांनंतरही आकडा ११-१२ च्या पुढे जात नसेल, बॅटरीही कोमट लागत असेल, तर हिशेब सोपा आहे: १२ व्होल्टच्या बॅटरीत सुमारे २ व्होल्टचे सहा सेल असतात, त्यातला एक शॉर्ट झाला की २ व्होल्ट कमी पडतात. ती बॅटरी चार्जरला लावून ठेवणे तेव्हाच थांबवावे. बाकीचे सेल जास्त चार्ज होऊन तापतात आणि बॅटरी फुगते.

विसावलेल्या बॅटरीवर १२.६ दिसूनही बाईक चालत नसेल तर भाराखाली काय होते ते पाहावे लागते. त्यासाठी मुलाला बसवून बाईक पळवण्याची गरज नाही. मोटारगाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॉटचा बल्ब बॅटरीवर थेट जोडावा. तो पावणेदोन ॲम्पिअरच्या आसपास करंट ओढतो. चांगली बॅटरी काही दशांश व्होल्ट खाली येऊन १२च्या वर स्थिर राहते. संपलेल्या बॅटरीचा आकडा बघता बघता ११, १०, ९ असा उतरतो. ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतील तर बल्ब दोन्हींवर मिळून जोडावा आणि भार चालू असताना प्रत्येकीचे व्होल्टेज स्वतंत्र मोजावे. बहुधा एक चांगली आणि एक गेलेली निघते. तरीही बदलताना दोन्ही एकदम बदलाव्यात, कारण नवीच्या जोडीला अर्धवट जुनी ठेवली तर जुनी प्रत्येक वेळी आधी उतरते आणि नवीलाही पूर्ण चार्ज होऊ देत नाही.

अगदी खाली उतरलेल्या बॅटरीला इलेक्ट्रॉनिक चार्जर ओळखत नाही तेव्हा दुसरी भरलेली बॅटरी समांतर जोडून तिला ‘जागे’ करण्याचा उपाय सांगितला जातो. लेड-ॲसिड बॅटरीच्या बाबतीत त्याने चार्जिंग सुरू होते हे खरे. पण आठवडेच्या आठवडे त्या अवस्थेत राहिलेली बॅटरी जागी झाली तरी तिची पूर्वीची क्षमता परत येत नाही, आणि दोन बॅटऱ्या थेट जोडताना बेसुमार करंट वाहू शकतो. मुलाच्या वाहनासाठी मी हा मार्ग घेत नाही.

फ्यूज तपासणे सोपे आहे म्हणून विसरू नये. तो बॅटरीच्या लाल वायरवर छोट्या डबीत असतो. काचेचा किंवा पात्याचा असेल तर उडालेला डोळ्यांना दिसतो, शंका असल्यास मल्टिमीटरच्या कंटिन्युइटीवर, म्हणजे तार अखंड आहे का हे दाखवणाऱ्या सोयीवर, कळतो. काही बाईकमध्ये तापल्यावर सुटणारा आणि गार झाल्यावर आपोआप जोडला जाणारा फ्यूज असतो. बाईक चढावर चालवून लगेच चार्जिंगला लावली आणि चार्जिंग सुरू झाले नाही, तर अर्धा तास थांबून पुन्हा पाहावे. फ्यूज त्याच ॲम्पिअरचा बसवावा. त्या जागी तारेचा तुकडा जोडलेला मी पाहिला आहे, आणि ज्या सीटखाली तो होता त्या सीटवर एक लहान मूल बसत होते. असे कोणीही कधीही करू नये.

चार्जरची डबी उघडून आतली दुरुस्ती घरी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर चालणाऱ्या इलेक्ट्रॉनिक चार्जरच्या आत कपॅसिटरवर ३२५ व्होल्टपर्यंत विद्युतभार साठतो आणि प्लग काढल्यानंतरही तो काही काळ तसाच राहू शकतो. शिवाय बऱ्याच डब्या चिकटवून बंद केलेल्या असतात; एकदा फोडलेली डबी पूर्वीइतकी सुरक्षित होत नाही. चार्जर कोमट लागणे ठीक आहे. हात ठेववत नाही इतका तो तापत असेल, जळका वास येत असेल किंवा प्लास्टिक तपकिरी पडले असेल तर तो त्याच वेळी काढून टाकावा.

नवा चार्जर घ्यायचाच असेल तर नुसती ‘१२ व्होल्ट’ एवढी खूण पुरत नाही. तो बॅटरीच्या प्रकाराचा, म्हणजे लेड-ॲसिडसाठीचा, असला पाहिजे. वर्तुळाच्या मध्ये ठिपका आणि दोन्ही बाजूंना अधिक-उणे असे चिन्ह जुन्या चार्जरवर छापलेले असते; नव्यावर ते तसेच, त्याच बाजूला हवे, नाहीतर ध्रुव उलटतील. करंट बॅटरीच्या क्षमतेच्या सुमारे ३० टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. ४.५ ॲम्पिअर-अवरच्या बॅटरीला १ ॲम्पिअरचा चार्जर योग्य, मोटारगाडीचा मोठा चार्जर लवकर चार्ज होईल म्हणून लावणे चुकीचे. पिनचे मापही बारकाईने पाहावे. बाहेरून दोन्ही ५.५ मिलिमीटरच्या दिसतात, पण आतले छिद्र २.१ किंवा २.५ मिलिमीटर असते. २.५ ची पिन २.१ च्या जॅकमध्ये आत जाते, बसल्यासारखी वाटते आणि सैल राहून वर सांगितलेला हलणारा जोड नव्याने निर्माण करते.

काही नव्या बाईकमध्ये लिथियम-आयन बॅटरी असते आणि तिला वरचे बरेच नियम लागू होत नाहीत. तिचा प्रत्येक सेल ४.२ व्होल्टला पूर्ण भरतो, म्हणून पाच सेलच्या बॅटरीचा चार्जर २१ व्होल्टचा आणि सात सेलच्या बॅटरीचा २९.४ व्होल्टचा असतो. तिला लेड-ॲसिडचा चार्जर कधीही लावू नये. आतले संरक्षक सर्किट व्होल्टेज फार उतरल्यावर बॅटरी तोडून टाकते, तेव्हा बाहेरच्या टोकांवर शून्य दिसते. त्या सर्किटला वळसा घालून चार्ज करण्याचा प्रयत्न आग लावू शकतो. शून्य अंश सेल्सिअसखाली ती चार्ज करू नये, आणि फुगलेली किंवा जोरात आपटलेली बॅटरी पुन्हा चार्जिंगला न लावता घराबाहेर, जळणाऱ्या वस्तूंपासून दूर ठेवून गोळा करणाऱ्या केंद्राकडे द्यावी.

लेड-ॲसिडची नवी बॅटरी बसवताना जुनी भंगारात न फेकता बॅटरी परत घेणाऱ्याकडेच द्यावी, त्यातले शिसे आणि आम्ल कचऱ्यात जाता कामा नये. नवी बॅटरी पहिल्या वापराआधी पुस्तिकेत सांगितले आहे तितका वेळ पूर्ण चार्ज करावी. एरवी ८ ते १२ तास पुरतात, आणि ट्रान्सफॉर्मरचा चार्जर असेल तर तो एका दिवसाहून अधिक लावून ठेवू नये. चार्जिंग मोठ्या माणसाने, मोकळ्या हवेत, चार्जरवर काही न झाकता करावे. बाईक वापरात नसेल तेव्हाही महिन्यातून एकदा ती चार्ज करावी. पहिल्या चार्जिंगनंतर काही तासांनी विसावलेल्या बॅटरीचे व्होल्टेज आणि २१ वॉटच्या बल्बखालचे व्होल्टेज, दोन्ही तारखेसह चिकटपट्टीवर लिहून मी ती पट्टी बॅटरीवरच लावतो. पुढे तक्रार येते तेव्हा त्याच दोन मोजण्या पुन्हा घेऊन त्या पट्टीवरच्या आकड्यांशी ताडून पाहतो.